टू-स्ट्रोक जेट स्की: सिलिंडर का जातो आणि कसा वाचवायचा

क्रँककेस:

टू-स्ट्रोक जेट स्कीबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पिस्टन गेला, आता कोणता घालू?" पिस्टन कुठलाही घाला, पण आधीचा का गेला हे कळल्याशिवाय घालू नका. नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो आणि बोअरिंगचा (सिलिंडर आतून कोरून घेण्याचा) खर्च दोनदा होतो. म्हणून हा धागा. ज्यांनी इंजिनं उघडलीत त्यांनी आपापलं जरूर लिहा.

आधी मुळातलं. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेल साठवलेलं नसतं. क्रँकच्या बेअरिंगपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सगळ्यांना वंगण मिळतं ते आत येणाऱ्या मिश्रणातूनच. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवत असाल तर पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं. ऑइल पंप असला तरी सुटका नाही, कारण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणाने पिस्टनचा माथा जास्त तापतो आणि पेट्रोलच्या वाफेमुळे आतून मिळणारा गारवाही घटतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडून भिंतीला चिकटायला लागतं.

मोटारसायकलवर आपण सारखा थ्रॉटल सोडत-धरत असतो. पाण्यावर मोकळा पट्टा मिळाला की मिनिटंच्या मिनिटं थ्रॉटल पूर्ण दाबलेला राहतो आणि पाणी मागे फेकणाऱ्या जेट पंपाचा भार क्षणभरही उतरत नाही. रस्त्यावर खपून जाणारी थोडीशी लीन सेटिंग इथे पिस्टन खाते.

त्यात या गाड्यांचं वय. यामाहा आणि सी-डूच्या फोर-स्ट्रोक गाड्या २००२ च्या मॉडेलपासून आल्या. कावासाकीची ८०० एसएक्स-आर २०११ पर्यंत आणि यामाहाची सुपरजेट २०२० पर्यंत टू-स्ट्रोकमध्ये मिळायची, पण त्या उभ्याने चालवायच्या. बसून चालवायच्या ज्या टू-स्ट्रोक गाड्या आज लोकांकडे आहेत त्या बहुतेक १९९० च्या दशकातल्या किंवा जरा नंतरच्या. म्हणजे आतलं रबर वीस-तीस वर्षांचं: नळ्या, डायफ्रॅम, सील. धातू टिकतो, रबर टिकत नाही. सिलिंडर बहुतेक वेळा रबरापायी जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

नवशिका:

अगदी वेळेवर धागा काढलात. माझी दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरवाली गाडी आहे. पूर्ण थ्रॉटलवर चार-पाच मिनिटं गेल्यावर पुढचा सिलिंडर पकडला, म्हणजे पिस्टन भिंतीला चिकटून अडकला. वर्कशॉपने बोअरिंग करून नवा पिस्टन घातला, कार्बोरेटर साफ केले आणि गाडी परत दिली. त्याच मोसमात तोच सिलिंडर पुन्हा पकडला. आता कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मागे १४५ आणि पुढे ६० पीएसआय आहे. मागचा प्लग चॉकलेटी, पुढचा पांढराफटक. वर्कशॉपवाले म्हणतात तेल कमी पडलं असेल. तेलाच्या टाकीतलं तेल मात्र नेहमीसारखंच खाली जात होतं.

क्रँककेस:

तेल कमी असण्याची शक्यता मला कमी वाटते. हेड काढलंच असेल तर पिस्टन बाहेर काढून उजेडात नीट बघा. काय झालं ते पिस्टनवर उमटलेलं असतं.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील आणि माथा पांढुरका, कोरडा असेल तर लीन. चारही बाजूंना सारख्या अंतरावर चार उभे पट्टे उमटले असतील तर थंड इंजिन ताणलं गेलंय. स्कर्ट सगळीकडून घासून राखाडी झाला असेल आणि खालचं बेअरिंगही निळसर पडलं असेल तर तेल पोचलेलं नाही. माथ्याच्या कडेला सॅंडपेपर मारल्यासारखे बारीक खड्डे किंवा मधोमध भोक असेल तर ते डिटोनेशन (मिश्रणाचा झटक्यात स्फोट) किंवा वेळेआधी पेट घेणं: कमी ऑक्टेनचं पेट्रोल, घासून पातळ केलेलं हेड, टायमिंग पुढे, किंवा चुकीच्या हीट रेंजचा प्लग. यातलं तुमच्याकडे काय दिसतंय?

नवशिका:

एक्झॉस्टच्या बाजूलाच. ओरखडे पिस्टनच्या माथ्यापासून खालपर्यंत, आणि वरची रिंग तिथे खाचेत चिकटून बसलीय, नखाने हलत नाही. इनटेकची बाजू जवळजवळ नव्यासारखी आहे.

क्रँककेस:

म्हणजे लीन. आता विचार असा करायचा. दोन्ही सिलिंडरना पेट्रोल एकाच टाकीतून येतं, पण एकच गेला. टाकी, व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट), मुख्य नळी, सिलेक्टर व्हॉल्व्ह यांत दोष असता तर सहसा दोघांनाही मार बसला असता. त्यामुळे संशय त्या सिलिंडरपुरत्या गोष्टींवर: त्याच्या कार्बोरेटरमधली जाळी आणि निडल-सीट, कार्बोरेटरखालचं गास्केट, रीड (इनटेकच्या पातळ झडपा) असतील तर त्यांची बैठक, सिलिंडरचं बेस गास्केट, आणि त्या टोकाचं क्रँक सील (क्रँकच्या शाफ्टभोवती हवा अडवणारं रबरी कडं). कार्बोरेटर साफ केले म्हणताय, पण ते मिकुनी सुपर बीएन जातीचे असतील तर कार्बोरेटरवरच्या पेट्रोल पंपाच्या झाकणाखाली एक छोटी गोल जाळी असते, ती काढली होती का ते विचारा. बरेच जण फ्लोट... माफ करा, याला फ्लोट नसतोच, डायफ्रॅमची बाजू उघडतात आणि पंपाची बाजू तशीच सोडतात.

जाळी स्वच्छ निघाली तर प्रेशर टेस्टशिवाय पुढे जाऊ नका. एक्झॉस्ट आणि इनटेक रबर लावलेल्या पट्ट्यांनी बंद करायचे, पल्स नळीच्या (क्रँककेसच्या दाबाने पेट्रोल पंप चालवणाऱ्या नळीच्या) तोंडातून हातपंपाने ६ ते ८ पीएसआय हवा भरायची आणि गेज बघत बसायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर कुठून तरी हवा निसटतेय. साबणाचं पाणी ब्रशने लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. १० पीएसआयच्या वर जाऊ नका, चांगलं सीलही उलटं फिरू शकतं.

तेलपाणी:

क्रँककेस यांच्याशी लीनबद्दल सहमत, पण तेलाचा मुद्दा इतक्या झटक्यात सोडू नये. मी तर ऑइल पंप काढूनच टाकतो आणि ४० ला १ प्रीमिक्स (पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं) चालवतो, लिटरमागे २५ मिली. टाकीत तेल आहे म्हणजे इंजिनात पोचतंय याची खात्री कोण देणार?

क्रँककेस:

तेलपाणी, प्रीमिक्सला माझा विरोध नाही. पण पंपावर जेवढं खापर फुटतं तेवढा त्याचा दोष नसतो. आतला पंप बिघडलेला क्वचितच निघतो. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं. तेलाचा फिल्टर वर्षानुवर्षं बदललेला नसतो, नळ्या ताठ होऊन जोडावर सुटतात, केबलचं ॲडजस्टमेंट सरकलेलं असतं. आयडलला पंपाच्या लिव्हरवरची खूण बॉडीवरच्या खुणेसमोर यायला हवी. केबल ढिली असेल तर थ्रॉटल पूर्ण असताना पंप पूर्ण उघडत नाही. आणि तेलाची नळी कुठल्याही कारणाने उघडली की पंपातली हवा काढलीच पाहिजे. तोवर टाकीतल्या पेट्रोलमध्येही तेल मिसळून चालवा. पारदर्शक नळी लावलीत तर तेलाची हालचाल डोळ्यांनी दिसते, बुडबुडाही दिसतो.

पंप काढणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना. सी-डूमधल्या रोटॅक्सच्या रोटरी व्हॉल्व्हवाल्या (फिरत्या तबकडीने इनटेक उघडणाऱ्या) इंजिनांत, म्हणजे ५८७, ६५७, ७१७, ७८७ यांत, व्हॉल्व्हच्या शाफ्टच्या गिअरला तेलाच्या टाकीतून वेगळ्या जाड नळ्यांनी तेल मिळतं. पंप बंद करताना लोक टाकीच काढून टाकतात आणि त्या नळ्यांना बूच मारतात. मग पितळी गिअर झिजतो, दात गेले की व्हॉल्व्हचं टायमिंग जातं आणि त्या चुऱ्यामुळे आतलं आणखी काय काय जातं. पंप काढा, पण त्या कप्प्याला तेल चालू ठेवा.

तेलपाणी:

बरोबर आहे, ती टाकी मी ठेवतो. मात्र तेल कोणतं यावर थोडं लिहितो, कारण इथे फार घोळ होतो. टीसी-डब्ल्यू३ हे मुळात आउटबोर्ड इंजिनांसाठीचं बिनराखेचं तेल. पुष्कळ जेट स्कींना तेच सांगितलेलं असतं आणि ते त्यात चांगलं चालतं. पण रेव्ह व्हॉल्व्हवाल्या (एक्झॉस्टचं तोंड कमी-जास्त करणाऱ्या झडपा असलेल्या) ७८७ आणि ९५१ सारख्या इंजिनांसाठी एपीआय टीसी दर्जाचं, कमी राखेचं तेल सांगतात, कारण ती इंजिनं जास्त गरम चालतात. मॅन्युअल काय म्हणतं ते पाळा. टाकीत दोन जातींची तेलं एकत्र ओतू नका, काही जोड्यांचा घट्ट लगदा होतो आणि तो पंपाच्या तोंडाशी अडकतो. बदलायचंच असेल तर टाकी, नळ्या, फिल्टर रिकामे करून बदला.

आणि "जरा जास्त तेल घातलं तर बरं" हेही सरसकट खरं नाही. जेटमधून जाणाऱ्या द्रवाचं माप ठरलेलं असतं. त्यात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं कमी झालं.

खाऱ्यापाण्यातला:

पेट्रोल-तेलाचं तुम्ही बघताय, मी पाण्याचं लिहितो. माझ्याकडे येणारे बरेच सिलिंडर पाण्याने गेलेले असतात.

गाडी बाहेर काढून नळाच्या पाण्याने धुताना क्रम पाळायचा: आधी इंजिन चालू, मग पाणी चालू. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिनाला एक-दोन हलके रेस देऊन एक्झॉस्टमधलं पाणी बाहेर काढायचं आणि लगेच इंजिन बंद. उलट केलंत, म्हणजे इंजिन बंद असताना नळ सोडलात, तर पाण्याला बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. ते वॉटर बॉक्स भरून एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि पाणी नसताना कोरडं इंजिन काही सेकंदांपलीकडे चालवू नका.

ओढून नेतानाही हेच होतं. बंद गाडी दुसऱ्या बोटीमागे वेगाने ओढली की जेट पंपात पाणी शिरतं आणि इंजिन बंद असूनही कूलिंगच्या नळीतून वर चढतं. पंपाकडून येणारी पाण्याची नळी क्लॅम्पने दाबून बंद करा आणि हळू ओढा. नंतर क्लॅम्प काढायला विसरलात तर इंजिन तापून जाईल, म्हणून मी त्याला लाल फडकं बांधतो, सीटवरून दिसेल असं.

गाडी उलटली तर कुठल्या बाजूने सरळ करायची याचं स्टिकर मागच्या बाजूला असतं, त्याच दिशेने फिरवा. इंजिनात पाणी गेलंच तर प्लग काढा, प्लगच्या वायरी अर्थ करा, भोकांवरून तोंड बाजूला ठेवा आणि स्टार्टरने पाणी उडवून टाका. मग फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं फवाऱ्याचं तेल) मारून त्याच दिवशी इंजिन चालवून आतून कोरडं करा. खारं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी क्रँकच्या बेअरिंगवर गंज दिसतो. तो बेअरिंग पुढे कधीतरी तुटतो आणि त्याचे तुकडे सिलिंडरमधून फिरतात.

बाजूच्या छिद्रातून येणारी पाण्याची धार प्रत्येक वेळी बघायची. ती बारीक झाली तर कुठेतरी वाळू किंवा शेवाळ अडकलंय. तापमानाच्या बझरवर भिस्त ठेवू नका. लीन होऊन जाणारा पिस्टन बझर वाजायच्या आत गेलेला असतो, कारण सेन्सर हेडचं पाणी मोजतो, पिस्टनचा माथा नाही.

लाटेवरचा:

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? त्याने खरंच सिलिंडर जातो का?

क्रँककेस:

दोन प्रकारे हातभार लागतो. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं गुणोत्तर १४.७ ला १ लागतं, १० टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो तेवढंच माप देतो, म्हणजे मिश्रण चारेक टक्क्यांनी लीन होतं. आधीच काठावर असलेल्या सेटिंगला तेवढंही पुरतं. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि फार ओल झाली की पाण्यासकट तळाशी वेगळं होतं. महिनोनमहिने उभ्या गाडीतलं पेट्रोल काढून टाका. तेल मिसळून किती दिवस झाले ते आठवत नसेल तरीही काढा.

याच संदर्भात १९९० च्या दशकातल्या सी-डूच्या करड्या पेट्रोल नळ्यांबद्दल सांगायला हवं. बाहेरून त्या ठणठणीत दिसतात. कापून उभी चिरली तर आतल्या भिंतीला हिरवट चिकट थर सापडतो. तोच थर कार्बोरेटरच्या त्या छोट्या जाळीवर जाऊन बसतो. गाडी आयडलला मस्त, अर्ध्या थ्रॉटलला मस्त, आणि पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल पुरत नाही. आधी सगळ्या नळ्या बदलून साध्या काळ्या पेट्रोल नळ्या घाला, मग सिलेक्टर आणि जाळ्या साफ करा. उलट क्रमाने केलंत तर जाळ्या पुन्हा भरतील.

टाकीच्या व्हेंटचा व्हॉल्व्ह चिकटला तरी लक्षणं हीच. टाकीत निर्वात होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी मरगळली की पेट्रोलचं झाकण सैल करा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येऊन गाडी सुधारली तर दोष तिथेच. आणि वेगात असताना चोक किंचित ओढून बघा: जोर वाढला तर लीन, घटला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

मापाडी:

माझं काम बोअरिंग-होनिंगचं, त्यामुळे थंड इंजिन ताणण्याबद्दल आकड्यांत सांगतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ८० मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.१८ मिमी वाढतो. तेवढाच तापलेला बिडाचा सिलिंडर ०.०९ मिमीच्या आसपास वाढतो. पण जेट स्कीचा सिलिंडर बाहेरच्या थंड पाण्याने गार होत असतो, तो मागेच राहतो. पिस्टनला आपण जागा ठेवलेली असते ०.१ मिमीच्या आगेमागे. सुरू केल्या केल्या पूर्ण थ्रॉटल दिला तर जागा कुठे उरणार? फोर्ज्ड पिस्टन याहून जास्त फुगतात, त्यांना क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो आणि गरम व्हायला वेळही जास्त द्यावा लागतो. किनाऱ्यापासून पहिली दोन-तीन मिनिटं सावकाश जा, मग अर्धा थ्रॉटल, मग हवं ते.

नवशिका, सिलिंडर परत बोअरिंगला द्याल तेव्हा पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडांना चॅम्फर मारायला, म्हणजे कड तिरकी घासून बोथट करायला सांगा आणि मारलाय का ते स्वतः बोट फिरवून बघा. बोअर केल्यावर पोर्टची कड पात्यासारखी धारदार होते, रिंग तिच्यात अडकते आणि तुटते. फोर-स्ट्रोकची सवय असलेल्या वर्कशॉपमध्ये हे हमखास राहून जातं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवर. सर्क्लिपचं (पिस्टनची पिन धरणाऱ्या कड्याचं) तोंड वर किंवा खाली, आडवं नको. आणि सर्क्लिप नेहमी नवी.

सिलिंडरला निकासिलचा (निकेलचा कठीण मुलामा) थर असेल तर साधं बोअरिंग करायचं नाही, थर नव्याने चढवावा लागतो. भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम काढल्यावर खालचा थर शाबूत निघाला तर सिलिंडर वाचतो, म्हणून घाईने भंगारात काढू नका.

नवशिका:

सगळ्यांचे आभार. जाळ्या स्वच्छ निघाल्या. मग इंजिन उतरवून प्रेशर टेस्ट केली. ७ पीएसआय भरले आणि काटा डोळ्यांदेखत उतरत गेला. बेस गास्केटला साबण लावला, काही नाही. कार्बोरेटरच्या बाजूला काही नाही. फ्लायव्हील काढून पुढच्या क्रँक सीलला ब्रश लावला आणि सीलच्या अर्ध्या कडेने फेस आला. सीलचा ओठ कडक होऊन त्याला बारीक चीर गेली आहे. तिथून हवा आत ओढली जात होती, तीही फक्त पुढच्या सिलिंडरसाठी. आधीच्या वेळी कुणी हे तपासलंच नव्हतं.

माझ्या इंजिनात सील क्रँककेसच्या खाचेत बसतं, त्यामुळे दोन्ही अर्धे उघडावे लागतील. उघडतोच आहे तर दोन्ही टोकांची सील बदलतो. सगळं जोडल्यावर पहिली टाकी कशी चालवू?

क्रँककेस:

शाब्बास, नेमकं सापडलं. दोन्ही टोकांची सील बदलताय तेही योग्य. आधीच्या दोन्ही वेळचा ॲल्युमिनियमचा चुरा क्रँककेसमध्ये उतरलेला असणार, तो बेअरिंगमधून धुऊन काढा, आणि पुढच्या बेअरिंगला खरखर लागत असेल तर क्रँक तसाच बसवू नका. केस बंद झाली, सिलिंडर बसले की पुन्हा प्रेशर टेस्ट करा. गाडीत इंजिन चढवण्याआधीच.

पहिल्या टाकीला ऑइल पंप चालू असला तरी पेट्रोलमध्ये ५० ला १ तेल मिसळा, लिटरमागे २० मिली. कार्बोरेटरचा हाय-स्पीड स्क्रू (मोठ्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) मॅन्युअलच्या मापापेक्षा पाव फेरी उघडा ठेवा, आवश्यक वाटलं तर नंतर थोडा थोडा बंद करता येईल. एकाच आरपीएमवर धरून ठेवू नका आणि पूर्ण थ्रॉटल क्षणभरापलीकडे नको. चालताना हात स्थिर असूनही आरपीएम खाली आले किंवा आवाज बदलला तर थ्रॉटल सोडा, चोक ओढा, आणि गाडी शांत होऊ द्या. एवढ्याने पकडता पकडता वाचलेली इंजिनं आहेत.

टाकी संपली की थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन घ्या. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. प्लग काढून फोटो टाका, पुढचा कोणता आणि मागचा कोणता ते लिहून. प्लगचा नंबरही लिहा. एनजीकेचे असतील तर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड.

नवशिका:

बीआर८ईएस आहेत, मॅन्युअलमध्ये दिलेलेच. सील आली की जोडणी सुरू करतो, प्रेशर टेस्टचा आकडा इथेच टाकतो.